लॉनमधलं निंदण : नागपूरच्या उन्हात अन काळ्या मातीत लॉन कसं सांभाळायचं

नागपुरात लॉन म्हटलं की लोकांना आधी लग्न आठवतं. ऑफिसात सहज म्हणालो की रविवारी लॉनवर काम आहे, तर दोघांनी लगेच विचारलं, कोणाचं आहे, जेवण कुठलं आहे. तर ते लॉन नाही भाऊ, घरासमोरचं, तीस बाय वीसचं, म्हणजे सहाशे स्क्वेअर फूट, ज्याच्यावर मी गेली सात वर्षं पैसे अन कंबर दोन्ही घालवून राहिलो.

आमच्या बाबांचं सगळं आयुष्य उमरेडकडच्या वावरात गेलं. मी पहिल्यांदा नर्सरीतून सेलेक्शन नंबर वन नावाचं लॉनचं गवत आणलं तेव्हा त्यांनी एक काडी तोडून पाहिली अन म्हणाले, "अरे ही तर हरळी आहे. आम्ही जन्मभर वावरातून हिला खणून काढलं अन तू पैसे देऊन लावून राहिला?" अन खरंच आहे ते, सेलेक्शन वन म्हणजे आपल्या हरळीचीच बारीक पानाची निवडलेली जात, गणपतीला वाहतो त्या दूर्वांची बहीण. पण बाबांच्या त्या बोलण्यात सगळी युक्ती होती अन मला ती कळायला तीन वर्षं लागली. जी हरळी पऱ्हाटीत (कापसात) शेतकऱ्याला हरवते ती तुमच्या लॉनमध्ये तरोटा अन दुधी अशा निंदणासमोर, म्हणजे तणासमोर, काहून हरते? कारण वावरात तिला कोणी रोज बुडाशी कापत नाही अन रोज सायंकाळी पाईपने वरवर पाणी शिंपडत नाही. लॉनमध्ये आपणच तिला कमजोर करतो, मग जागा उघडी पडते, अन उघड्या जागेत निंदण येणारच. म्हणून खुरपं हातात घ्यायच्या आधी कटिंग अन पाणी सुधारा, नाहीतर तुम्ही काढत राहाल अन ते उगवत राहील.

कटिंगचं सांगतो. आपल्याकडे माळीभाऊ पंधरा दिवसांनी येतो अन आपण म्हणतो बारीक कापून द्या म्हणजे महिनाभर पाहायला नको. हाच घोळ आहे. गवताचं पान म्हणजे त्याचं स्वयंपाकघर, ते बुडापासून छाटलं की मुळाला मिळणारं खाणं बंद, मुळं आखडतात, अन मातीवर ऊन पडलं की खाली झोपलेल्या निंदणाच्या बिया जाग्या होतात. सेलेक्शन वन असेल तर पावसाळ्यात दीड इंच ठेवा, एप्रिल-मे मध्ये दोन इंच ठेवा, अन एका वेळेला उंचीच्या एक तृतीयांशापेक्षा जास्त कापू नका. म्हणजे दीड इंच ठेवायचं असेल तर सव्वादोन इंच झालं की मशीन काढायची. जुलै-ऑगस्टमध्ये हे दर पाच-सात दिवसांनी करावं लागतं, कंटाळा येतो, मान्य आहे. माळी पंधरा दिवसांनीच येत असेल तर मधलं एक कटिंग स्वतः करा, सहाशे फुटाला पाऊण तास लागतो, ढकलायच्या मशीनने जिमचे पैसे वाचतात. ब्लेडला धार पाहिजे, बोथट ब्लेड गवत कापत नाही, फाडते, अन दुसऱ्या दिवशी सगळी टोकं पांढरट-तपकिरी दिसतात, लोक त्याला रोग समजून औषध मारतात. कापलेलं बारीक गवत असेल तर तिथंच पडू द्या, खत होतं. फक्त निंदणाला फुलं-बिया आल्या असतील तेव्हा मात्र सगळं गोळा करून बाहेर काढा, नाहीतर आपल्याच हाताने पेरणी होते.

आता पाणी, अन इथे नागपूरकरांनी नीट लक्ष द्या कारण पुण्याच्या लोकांनी सांगितलेलं आपल्याकडे चालत नाही. पंचेचाळीस-शेचाळीस डिग्रीत रोज सायंकाळी दहा मिनिटं पाईप धरून उभं राहणं याला मी पाणी देणं म्हणत नाही, त्याने तुम्हाला गार वाटतं, गवताला नाही. पाणी वरच्या एका इंचात राहतं, मुळंही तिथंच राहतात, अन दुसऱ्या दिवशी दुपारी बारापर्यंत तो एक इंच तव्यासारखा तापतो. त्यापेक्षा आठवड्यातून दोनदा, नवतपात (मे अखेरच्या नऊ कडक दिवसांत) तीनदा, पण खोल पाणी द्या, चार-पाच इंच खाली ओल गेली पाहिजे. ओल गेली की नाही हे पाहायला मोठा स्क्रूड्रायव्हर खुपसा, जिथपर्यंत सहज गेला तिथपर्यंत ओल. काळी माती पाणी हळूहळू पिते, म्हणून एकदम सोडलं तर ते गेटखालून रस्त्यावर जातं अन शेजारचे काका बोलतात. दहा-पंधरा मिनिटं द्या, थांबा, चहा घ्या, अर्ध्या तासाने परत द्या. वेळ पहाटेची, पाच-सहा वाजता. रात्री उशिरा दिलं तर पावसाळी दमट दिवसात बुरशी येते.

किती लागतं याचा हिशोब एकदा करून ठेवा. कडक उन्हाळ्यात आठवड्याला साधारण एक ते दीड इंच पाणी लागतं, अन माझ्या सहाशे फुटाला एक इंच म्हणजे जवळपास १४०० लिटर. हजार लिटरची टाकी अन वरून अर्धी. हा आकडा पाहून घरात भांडण झालं तर त्याचाही उपाय आहे, मे महिन्यात लॉन पिवळं पडू द्या. हरळी मरत नाही, झोपते. दहा-बारा दिवसांतून एकदा बेताचं पाणी द्या म्हणजे जमिनीखालच्या काड्या जिवंत राहतात, त्यावर चालू नका, खुर्च्या टाकू नका, खत तर अजिबात टाकू नका, अन मृगाचा पाऊस आला की आठवड्या-पंधरवड्यात ते हिरवं होतं. मी दोन उन्हाळे असंच केलं, पाहुण्यांनी नाक मुरडलं, लॉनला काही झालं नाही.

अन ते कूलरचं पाणी. होळी झाली की घरोघरी कूलर लागतात अन दर आठवड्याला टाकी रिकामी करायची वेळ आली की लोकांना वाटतं वाया कशाला घालवायचं, सोडा लॉनमध्ये. कूलरमध्ये पाणी उडून जातं पण त्यातले क्षार मागे राहतात, त्या पॅडवर पांढरा थर येतो तोच, अन टाकीत उरलेलं पाणी दिवसेंदिवस जास्त खारं होत जातं. बोअरचं पाणी असेल तर विचारूच नका. आमच्याकडे कूलरच्या पाईपसमोरचा तेवढाच तीन फुटाचा पट्टा दोन वर्षं टक्कल पडल्यासारखा होता अन मी त्यात उधईचं (वाळवीचं) औषध टाकून राहिलो होतो! आरओच्या वाया जाणाऱ्या पाण्याचंही तेच. एसीचं पाणी चालतं, त्यात क्षार नसतात.

मातीबद्दल थोडं. आपली काळी माती पावसात फुगते अन उन्हाळ्यात भेगा पडतात, अन त्यावर रोज कोणी चाललं की ती विटेसारखी दाबली जाते. दाबलेल्या जागेत हरळी नाखूश असते अन दुधी, चिमणीच्या पायासारखी तुरे येणारी रानगवतं खूश असतात, गेटपासून दारापर्यंतच्या वाटेवर पाहा, निंदण तिथंच जास्त दिसेल. तिथे चार फरश्या टाकून पायवाट करा, हट्ट सोडा. बाकीच्या लॉनला वर्षातून एकदा, जूनच्या शेवटी माती मऊ पण चिखल नसेल तेव्हा, गार्डन फोर्क दर चार-सहा इंचावर खुपसून थोडा हलवायचा, सरळ छिद्रं पाडायची. मग कन्हान नदीची चाळलेली रेती, चाळलेलं गांडूळखत अन चांगली माती समान घेऊन पाव-अर्धा इंचाचा पातळ थर पसरायचा अन झाडूने छिद्रांत ढकलायचा. गवताची टोकं वर दिसली पाहिजेत, गवत पुरायचं नाही. काळ्या मातीवर नुसत्या रेतीचा जाड थर टाकणाऱ्यांनी नंतर पश्चात्ताप केलेला मी पाहिलाय, खाली चिकट, वर कोरडं, मधे मूळ अडकतं.

अन गांडूळखत काहून म्हटलं, शेणखत काहून नाही? पहिल्या वर्षी मी एक ट्रॉली कच्चं शेणखत आणून पसरवलं होतं, ढोराने जे जे खाल्लं त्याच्या बिया त्यातून आल्या अन जुलैमध्ये माझ्या लॉनवर तरोट्याचं पीक उभं राहिलं. आईने दोन वेळा तरोट्याची भाजी केली अन म्हणाली चांगलं झालं. शेणखतच वापरायचं असेल तर पूर्ण कुजलेलं, काळं, वास न येणारं, हातात घेतलं की भुरभुरणारं पाहिजे. लॉनमध्ये निंदण हे वाऱ्यापेक्षा जास्त आपल्याच गेटमधून येतं, खतातून, भरावाच्या मातीतून, अन गवताच्या गाद्यांतून. ज्या नर्सरीतून मी गाद्या घेतल्या (नाव घेत नाही) तिथं मालक म्हणाला एकदम क्लीन माल आहे, अन त्या क्लीन मालात गाठीच्या गाठी मोथा होता, सगळ्यात हट्टी निंदण, त्याचं पुढे सांगतो. आता मी गादी उलटी करून मुळं पाहिल्याशिवाय पैसे देत नाही, त्यांना राग येतो, येऊ दे.

आता निंदणाकडे वळतो. मी त्याचे तीन गट करतो, पुस्तकातले नाहीत, खुरप्याच्या सोयीचे.

पहिला उभं वाढणारं. तरोटा, गाजरगवत, कुर्डू, आघाडा. हे दिसायला मोठं पण मारायला सोपं, नियमित कटिंग झालं की त्याचा शेंडा उडतो अन ते दोन-तीन महिन्यांत संपतं. गाजरगवत मात्र हाताने काढा, फूल यायच्या आधी, अन हातमोजे घालून, कारण त्याने कातडीला खाज अन पुरळ येतं, काहींना दम्याचा त्रास होतो. हे आपलं गवतच नाही, १९५५ च्या सुमारास पुण्यात ते पहिल्यांदा नोंदवलं गेलं अन तिथून देशभर पसरलं, एकेक झाड हजारो बिया टाकतं. शेजारच्या रिकाम्या प्लॉटवर ते माजलं असेल तर कंपाउंडपलीकडे जाऊन तेही उपटा, मालकाची वाट पाहू नका, तो दुबईला असतो.

दुसरा जमिनीला चिकटून पसरणारं. दुधी, घोळ, आंबुशी, एकदांडी, केना. मशीन यांच्या डोक्यावरून निघून जाते, यांना काही होत नाही. उलट जितकं बारीक कापाल तितका यांचा फायदा. हे पाऊस पडून गेल्यावर दुसऱ्या दिवशी काढायचे, माती मऊ असते, मधली जाड मुळी धरून हळू ओढली की अख्खं झाड येतं. कडक मातीत ओढलं तर मान तुटते अन चार नवीन फांद्या फुटतात. घोळ अन केना उपटून तिथंच टाकू नका, कांड्यांना परत मूळ फुटतं, घोळ तर उपटल्यावर दोन-चार दिवस जिवंत राहते अन बी पण पिकवते. बादली घेऊनच बसा.

अन काढल्यावर जी टिकली एवढी जागा उघडी पडते ती तशीच सोडू नका! हे कोणी सांगत नाही. लॉनच्या कडेला जी हरळी फरशीवर पळत असते तिच्या दोन-तीन गाठींच्या कांड्या तोडा, त्या खड्ड्यात खोचा, मूठभर गांडूळखत टाका, पायाने दाबा. पावसाळ्यात दोन-तीन आठवड्यांत जागा भरते. मी निंदायला बसतो तेव्हा एका हाताला निंदणाची बादली अन दुसऱ्या हाताला कांड्यांचा डबा असतो, निम्मं काम काढण्याचं अन निम्मं लावण्याचं.

तिसरा गट म्हणजे एकटा नागरमोथा. याच्यावर वेगळं बोलावं लागतं, कारण हाच माणसाला लॉन सोडून पेव्हर ब्लॉक लावायला लावतो. दिसतो गवतासारखा पण गवत नाही. देठ बोटांत फिरवून पाहा, गवताचा देठ गोल किंवा चपटा लागतो, याचा तीन धारांचा. पानं चकचकीत, अन कटिंग झाल्यावर दोनच दिवसांत सगळ्या लॉनच्या वर डोकं काढून उभा राहतो. जमिनीखाली याच्या गाठी असतात, एकीला दुसरी, दुसरीला तिसरी, दोऱ्याने जोडल्यासारख्या, बहुतेक वरच्या सहा इंचांत. वरचं पान उपटलं की दोरा तुटतो, गाठ खालीच राहते. अन गंमत पाहा, माळ अखंड असते तेव्हा पुढची गाठ मागच्यांना झोपवून ठेवते, तुम्ही दोरा तोडला की मागच्या झोपलेल्या गाठीही जाग्या होतात. म्हणून एक उपटला तर चार आले हे जे लोक सांगतात ते खोटं नाही. दिवाळीला अभ्यंगाला आपण जे सुगंधी उटणं लावतो त्यात हाच नागरमोथा असतो, गाठ फोडून वास घेऊन पाहा, इतका छान वास येणाऱ्या गोष्टीने इतका छळ करावा!

मोथ्याला उपाय दोन, दोन्हीला धीर लागतो. थोडा असेल, म्हणजे दहा-वीस ठिकाणी, तर ओल्या मातीत लांब पात्याचं खुरपं किंवा जुना जाड स्क्रूड्रायव्हर घेऊन बाजूने सहा इंच खोल खुपसा अन मातीसकट गाठ उचला, हाताने चाचपून बाकीच्या गाठी शोधा. सगळ्या निघणार नाहीत. मग महत्त्वाचं म्हणजे दर दोन आठवड्यांनी परत फिरायचं. नवीन रोप वर आल्यावर तीनेक आठवड्यांनी ते नव्या गाठी बनवायला लागतं, त्याच्या आधी तुम्ही ते काढत राहिलात तर जुनी गाठ प्रत्येक वेळी आपल्या साठ्यातून खर्च करते अन शेवटी रिकामी होते. एक पावसाळा पूर्ण नेमाने केलं तर दुसऱ्या वर्षी खूप कमी येतो. माझं हेच झालं, पहिल्या वर्षी बादलीभर, तिसऱ्या वर्षी ताटभर. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी मारबत निघते तेव्हा लोक ओरडतात ना इडा पिडा घेऊन जा गे मारबत, मी दर वर्षी मनात म्हणतो मोथा पण घेऊन जा बाई.

खूपच पसरला असेल तर हॅलोसल्फ्युरॉन मिथाईल नावाचं तणनाशक आहे, शेतकरी उसात मोथ्यासाठी वापरतात, ते हरळीला फारसं दुखवत नाही. पण डोस पाहा, एकराला ३६ ग्रॅम, म्हणजे हजार स्क्वेअर फुटाला एक ग्रॅमसुद्धा नाही. अंदाजाने चमचाभर टाकायचं औषध नाही हे, ग्रॅमचा काटा नसेल तर नादी लागू नका, कृषी केंद्रात विचारा, लेबल वाचा. परिणाम दिसायला दोन-तीन आठवडे लागतात, लोक आठव्या दिवशी परत मारतात. रुंद पानाच्या निंदणासाठी टू-फोर-डी सुचवतात, मोथ्यावर त्याचा नीट उपयोग होत नाही अन त्याचा फवारा जरा वाऱ्यावर गेला की तुमचा टमाटा, मिरची, जास्वंद अन कपाशी असेल तर कपाशीची पानं वाकडी होऊन बसतात. घरच्या छोट्या लॉनला मी ते वापरत नाही. ग्लायफोसेट तर लॉनसकट सगळंच मारतं, अन २०२२ मध्ये केंद्राने ते फक्त पेस्ट कंट्रोल ऑपरेटरमार्फतच वापरायचं असा आदेश काढला होता. जे काही माराल ते पूर्ण बाह्यांचा शर्ट, हातमोजे, मास्क, चष्मा घालून, २०१७ ला यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करताना विषबाधा होऊन शेतमजूर गेले ते आपल्यापासून फार लांब झालेलं नाही. मुलं अन कुत्रं दोन दिवस लॉनवर सोडू नका, अन फवारलेल्या जागेतली घोळ-तरोट्याची भाजी खायची नाही हे सांगायला नको.

अन मीठ टाकू नका. व्हॉट्सॅपवर फिरतं, मीठ अन व्हिनेगर शिंपडा, तण जाईल. तण जाईल, गवत जाईल, अन मिठातल्या सोडियमने काळी माती अशी दगड होईल की पुढची दोन-तीन वर्षं तिथं काही धड येणार नाही.

नवीन लॉन लावणार असाल तर तुमचं नशीब चांगलं, नागपूरचं ऊन फुकट कामाला लावा. एप्रिलमध्ये जागा खणून, मोथ्याच्या गाठी वेचून, सपाट करून भरपूर पाणी द्या अन वर पातळ पारदर्शक प्लास्टिक अंथरा, काळं नाही, पारदर्शकच, कडा मातीने बुजवा. चार ते सहा आठवडे तसंच ठेवा. वरच्या दोन-तीन इंचातल्या बऱ्याचशा बिया शिजून जातात, मोथ्याच्या खोल गाठी मात्र राहतात. मग प्लास्टिक काढून पाणी द्या, जे उगवेल ते वरवर खुरपून टाका, खोल खणू नका नाहीतर खालच्या बिया वर येतात, अन पाऊस लागला की तीन-चार इंचावर कांड्या लावा. गादीपेक्षा खूप स्वस्त पडतं अन दिवाळीपर्यंत जागा भरते. झाडाखाली, आंबा-कडुलिंबाच्या सावलीत, सेलेक्शन वन लावू नका, त्याला सहा तास ऊन पाहिजे, तिथं रुंद पानाचं कारपेट ग्रास किंवा सरळ कुंड्या.

खताचं थोडक्यात. जुलै अन ऑगस्ट-सप्टेंबर, दोनदा, हजार फुटाला अर्धा किलो युरिया, गवत कोरडं असताना हातमोज्याने सारखा फेकायचा अन लगेच भरपूर पाणी. ओल्या पानावर दाणा चिकटला की तिथं जळून ठिपका पडतो. पाणी अन युरिया सगळं देऊनही पिवळटच राहिलं, नवीन पानावर पिवळ्या-हिरव्या रेषा दिसल्या, तर ते बहुतेक लोह कमी पडल्याचं असतं, आपल्या चुनखडीच्या मातीत लोह असून गवताला मिळत नाही. हिराकस (फेरस सल्फेट) लिटरला पाच ग्रॅम, सायंकाळी फवारा, आठ-दहा दिवसांनी परत. पोर्चच्या टाइल्सवर उडू देऊ नका, गंजाचे डाग जात नाहीत, आमच्याकडे तीन टाइल्स अजून त्याची साक्ष देतात अन बायको दर दिवाळीला आठवण करून देते.

पावसाळ्यात छत्र्या उगवल्या तर घाबरू नका, बहुतेक खाली जुनं लाकूड कुजत असतं, तोडून टाका अन खाऊ नका. डिसेंबर-जानेवारीत रात्री दहा डिग्रीच्या खाली उतरल्या की लॉन मळकट होतं, ते थंडीनं, त्याला युरिया टाकून उठवायला जाऊ नका. तेव्हा पंधरा-वीस दिवसांतून एक कटिंग, आठवड्या-दीड आठवड्यातून एक पाणी बस्स. मी त्या दिवसात मशीनचं ब्लेड काढून धारवाल्याकडे देतो, खुरप्यांना नवीन मुठी बसवतो, अन फेब्रुवारीच्या शेवटी पहिला मोथा डोकं काढतो की नाही ते पाहत सकाळचा चहा लॉनवरच घेतो.